न लागलेला ठसका

देठच होता तो. मिरचीचा — वाळलेला, जरासा वाकडा, टोकाची टोपी अजून शाबूत — नातवाच्या, भाग्येशच्या उशीखाली गोधडीच्या घडीत निवांत पडलेला, आणि जमनाबाईचा हात त्याच्यावरून एकदा पुढे गेला, थबकला, परत आला. पलीकडच्या खोलीत सुनेच्या बांगड्या वाजत होत्या; ती वेणी घालत असणार, म्हणजे अजून थोडा वेळ होता. जमनाबाईने देठ उचलला, पदराच्या टोकात बांधला, गाठ कमरेला खोचली आणि गोधडी झटकायला लागली, नेहमीपेक्षा जोरात — म्हणजे कुणी विचारलंच तर झटकत होते एवढं म्हणता यावं. कुणी विचारणार नव्हतं. तरी तिला वाटून गेलं की आपण आपल्याच घरात चोरी करतोय, आणि चोरलं काय, तर देठ.

एरवी या घरात मिरचीच्या देठाचं कुणाला काय वाटलं असतं? सासऱ्यांच्या काळापासून धानोऱ्यात या घराची ओळखच मिरची. दिवाळी झाली की मागच्या मोकळ्या रानात पथारी पडायची, ओली मिरची वाळत घालायची ती होळीपर्यंत, सगळं रान लालभडक, आणि घरात पायाला, केसाला, पिण्याच्या पाण्याच्या झाकणालासुद्धा मिरची. आता पथारी गावाबाहेर गेली होती, मुलगा नवनीत वाळलेला माल तिथूनच नंदुरबारच्या बाजारात न्यायचा, आणि चार-पाच दिवसांपासून तर घरात भाजीला घालायचं तिखटसुद्धा घट्ट झाकणाच्या डब्यात, वरच्या फळीवर. सुनेचा, चारुलताचा हुकूम. हुकूम म्हणजे... बोलली ती हळूच होती, पण काही माणसांचं हळू बोलणं वाढलेल्या ताटासारखं असतं, नाही म्हणता येत नाही.

हे सगळं त्या डॉक्टरांमुळे. नंदुरबारच्या दवाखान्यात भाग्येशच्या पाठीला नळी लावून ते बराच वेळ ऐकत बसले होते, आणि जमनाबाई दाराजवळच्या स्टुलावर बसून त्यांचं तोंड बघत होती. "लहान मुलांची श्वासनळी केवढीशी असते," ते चारुलताला म्हणाले, "आपल्यापेक्षा भराभर श्वास घेतात ती, आणि खेळतात जमिनीजवळ. आपल्याला ज्याचा नुसता वास येतो, ते त्यांच्या आत जाऊन बसतं. घरात धूर कशाचा होतो? चूल, कॉइल, अगरबत्ती, कुणी विडी ओढतं?" चारुलता एकेक सांगत गेली. डॉक्टर एकेक बंद करत गेले. शेवटी म्हणाले, "आणखी काही असेल तर शोधा. बहुतेक वेळा घरातच असतं."

स्टुलावर बसल्या बसल्या जमनाबाईनेही शोधलं होतं. अगदी मनापासून, घराच्या पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत. आणि तिला एकच सापडलं होतं — आपली मिसरी. तव्यावर तंबाखू भाजायची, तिचा धूर होतो. घरी आल्या आल्या तिने तो काळा तवा उचलून गोठ्याच्या वळचणीला टाकला. चाळीस वर्षांची सवय, दात शिवशिवले, डोकं उठलं, तरी परत आणला नाही, आणि चारुलताने ते पाहिलं तेव्हा "आई..." एवढंच म्हणाली, त्यात काय नव्हतं! त्या रात्री जमनाबाईला आपण फार मोठ्या झाल्यासारखं वाटलं होतं. नवनीतने फवारणीची टाकी मागच्या खोलीतून शेतातल्या झोपडीत नेली — ती ज्या कोपऱ्यात असायची तिथल्या फरशीवर पांढरट डाग राहिला, तो काही घासून जाईना. चूल गोठ्यापलीकडे गेली. कॉइल, फिनाईल, ट्रंकेतल्या डांबरगोळ्या, ढेकणांचं औषध, बाथरूममध्ये टांगलेली ती सुगंधी वडी, सगळं एका पोत्यात भरून चारुलताने उकिरड्यापलीकडच्या पत्र्याच्या खोलीत टाकलं, प्रत्येक बाटलीचं झाकण उघडून, वास घेऊन, तोंड वाकडं करून. देवापुढची अगरबत्तीसुद्धा गेली. देव बिचारा नुसत्या फुलावर बसला.

"आई, दूध लागी गयं."

चारुलता स्वयंपाकघरात होती. जमनाबाई गोधडी तशीच टाकून आत गेली तर पातेल्याच्या कडा काळ्या, आणि चारुलता पदराने नाक दाबून खिडकी उघडतेय.

"वास नही उना का तुमले? ओसरीपर्यंत यी ऱ्हायना."

"लागू दे. चहाले चाली जाई."

"परोनदिन गॅसनं बटन उघडं होतं, ते बी मन्हाच ध्यानमा उनं." चारुलता चिडून बोलत नव्हती. ती हल्ली चिडतच नसे, आणि तेच जमनाबाईला जड जायचं. रात्रभर पोराला मांडीवर उभं धरून बसलेली बाई, डोळ्यांखाली काळं, आणि तरी सासूला अहो-जाहो. "आज मी शाळामाईन लवकर येसू. डॉक्टरले फोन करना शे. दार-खिडक्या लावी ठेवा, पथारीकडना वारा सुटना की धूळ सरळ घरमा येस."

मग भाग्येशशी ती शाळेतल्या मराठीत बोलली, त्याच्याशी ती तसंच बोलायची, "भागू, बाहेर धुळीत जायचं नाही. दम लागला तर मोठीमायला सांगायचं, ती श्वासाचा पंप देईल. सांगशील ना?" भाग्येशने मान हलवली. पाच वर्षांचा, पण मान हलवताना म्हाताऱ्यासारखा. खोकून खोकून त्याची मान आखडलेली असायची.

सांगशील ना... जमनाबाईच्या कमरेला गाठ टोचली. देठ तो, केवढासा.

चारुलता गेली, एसटी गेल्याचा आवाज आला, नवनीत माल भरून पहाटेच गेला होता, आणि घर रिकामं झालं. रिकामं म्हणजे जमनाबाईच्या हातात आलं. दारं लावली, खिडक्या लावल्या. भाग्येश पलंगावर बसून काड्यापेट्यांची आगगाडी लावत होता. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. आत बारीक सूं सूं चाललं होतं, ते हाताला कळत होतं. हाताला सगळं कळतं माझ्या. ज्वर किती आहे तो काचेच्या नळीपेक्षा आधी कळतो. मग हे का जात नाही? कुणाचा डोळा एवढा खोल बसलाय पोरावर?

हे तिने कुणाला सांगितलेलं नव्हतं. दिवाळीत खोकला सुरू झाला तेव्हा पहिल्यांदा तिने तिन्हीसांजेला त्याची दृष्ट काढली, सहज, जशी कुणीही आजी काढते. मीठ, मोहरी, देठासकट सात लाल मिरच्या मुठीत धरून पोरावरून उतरवायच्या आणि निखाऱ्यात टाकायच्या. दृष्ट नसेल तर मिरची ठसकते, घरभर माणसं खोकत पळतात. दृष्ट असेल तर मिरची जळून कोळसा होते आणि ठसका म्हणून लागत नाही, सगळं तिखट त्या डोळ्याने ओढून घेतलेलं असतं. हे जमनाबाईला कुणी शिकवलं नव्हतं, ते तिला माहीतच होतं, जसं दूध नासलेलं माहीत असतं. आणि त्या पहिल्या संध्याकाळी तिने खापरीतल्या निखाऱ्यांवर मूठ उघडली, मिरच्या फुगल्या, काळ्या पडल्या, तडतडल्या — आणि काही नाही. ठसका नाही. नाकाला झिणझिण नाही. सात मिरच्या जळाव्यात आणि कळूसुद्धा नये! एवढी जबर!

दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुन्हा काही नाही. मग रोज.

चारुलता एसटीने यायची ती दिवेलागणीनंतर, नवनीत त्याहून उशिरा. तेवढ्या मधल्या वेळात मागच्या खोलीत, दार लावून. बोलायचं नसतं. ज्याची काढतो त्यानेही बोलायचं नसतं, नंतरसुद्धा कुणाला सांगायचं नसतं, बोललं की उतरलेलं परत चढतं. हे तिने भाग्येशला एकदाच सांगितलं होतं आणि त्या पोराने ते असं पाळलं की तिलाच भरून यायचं. डोळे मिटून, गाल फुगवून, सदरा वर नाकापर्यंत ओढून बसायचा, हलायचा नाही. शहाणं माझं. मोठी माणसं देवळात एवढी गप्प बसत नाहीत.

आणि डॉक्टरांनी धुराचं विचारलं तेव्हा हे तिला आठवलं नव्हतं का? नव्हतं. खरंच नव्हतं. धूर तो धूर, दृष्ट ती दृष्ट. डॉक्टर ज्याला धूर म्हणतात तो खोकला आणतो. ही तर खोकला काढते. औषधाच्या गोळीला कुणी खाणं म्हणतं का... मग आज सकाळी देठ का लपवला? आता मन असलं काही विचारायला लागलं की जमनाबाई उठून कामाला लागायची. ती उठली, आणि करपलेलं पातेलं राखेने घासत बसली.

राख, पाणी, आणि काळं काही निघेना. हात चालत राहिले आणि मन गेलं थेट मागे, या घरात नवी आली त्या सालात. तिच्या माहेरी कपाशी. मिरचीचं तिला काही माहीत नव्हतं. इथे मांडव उतरतो न उतरतो तोच जावांनी नेऊन पथारीवर बसवली, देठ खुडायला. उन्हं तापली, वारा सुटला, आणि नवी नवरी शिंकून शिंकून हैराण, डोळे टोमॅटोसारखे, नाक गळतंय, सगळ्या बायका पोट धरून हसताहेत. रात्री ती तोंडावर ओलं फडकं टाकून रडली होती. सासू म्हणाली होती, "या घरनी व्हयनी की नही लागाव." आणि मग कधीतरी, दोन पावसाळे गेल्यावर असेल, एके दिवशी तिच्या ध्यानात आलं की आपण दिवसभर बसलोय आणि एक शिंक नाही. काही लागतच नाहीये. तिने मुद्दाम मूठभर मिरच्या नाकाशी चुरडल्या. नाही. केवढा आनंद! दोधूने — नवऱ्याने — गावभर सांगितलं होतं, आम्हनी बाईले मिरची लागत नही. लग्नाकार्यात मसाला कुटायला तिला बोलावणं यायचं. बाकीच्या नाकाला फडकी बांधायच्या आणि ही मधे बसून गप्पा मारत मुसळ चालवायची. तेव्हापासून ती या घरची. मिरचीने तिला घरचं मानलं होतं, सासूने मानण्याच्या कितीतरी आधी.

दोधू गेला, जावा वेगळ्या झाल्या, पथारी गावाबाहेर गेली. एवढी एक गोष्ट राहिली होती तिची स्वतःची.

पातेलं तिने तसंच पालथं घातलं.

दुपारी भाग्येश झोपला आणि झोपेतच खोकायला लागला. आधी सुटा सुटा, मग धरल्यासारखा. तिने त्याला उठवून बसवलं, पंप दिला, चारुलताने शिकवलं होतं तसा — हलवायचा, तोंडात धरायचा, दाबायचा. जरा बसलं. पण ओठ कोरडे, बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जात होती. आज सून लवकर येणार. संध्याकाळपर्यंत थांबलं तर आजची दृष्ट काढायची राहील. आणि राहिली तर रात्री... नाही. राहून चालणार नाही.

गोठ्यापलीकडच्या चुलीत सकाळच्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचे निखारे राखेखाली जिवंत होते. तिने खापरीत घेतले. मिरच्या तिने धान्याच्या कोठीमागे एका डब्यात ठेवल्या होत्या, याच रानातल्या, ज्यांच्यावर नवनीत आठवड्याला दोनदा टाकी पाठीवर घेऊन पानं आखडणाऱ्या कोकड्यासाठी फवारत होता — पण मिरची म्हणजे मिरची, तिला त्याचं काय. मागच्या खोलीत आली. दार लावलं. भाग्येश आपण होऊनच पाटावर येऊन बसला, डोळे मिटले, सदरा वर ओढला. तिने मूठ उतरवली, डोक्यापासून पायापर्यंत, ओठांतल्या ओठांत आल्या-गेल्याची, घरच्या-दारच्या डोळ्यांची नावं न घेता नावं घेत, आणि मूठ निखाऱ्यांवर सोडली. मीठ तडतडलं. मिरच्या फुगल्या. ती खापरीवर वाकली, नाक अगदी जवळ नेऊन, जीव एकवटून — लाग, आज तरी लाग, एकदा ठसकून सांग की उतरली...

काही नाही.

तेवढ्यात मागचं दार लोटलं गेलं. "जमनामाय, ताक शे का वं थो—" शेजारची छबूबाई, हातात लोटा, आणि पुढचा शब्द तिच्या घशातच राहिला. ती असा काही खोकायला लागली की लोटा उंबऱ्यावर आपटला. पदर तोंडात कोंबून ती अंगणात पळाली, तिथे वाकून, डोळे पुसत, पुन्हा खोकत.

जमनाबाई खापरी धरून तशीच उभी. "काय व्हयनं वं?"

"काय व्हयनं म्हनस... काय जाळी ऱ्हायनी वं माय? गल्लीपर्यंत लागी ऱ्हायनं. मन्हं नाक-तोंड भरी गयं."

"तुले लागस?"

"लागस म्हंजे! जीव जाई आठे." छबूबाईला खोकता खोकता हसू यायला लागलं. "तुले काय सांगनं, तू पह्यलेपासून लोखंडनी. पोऱ्यानी नजर उतारी ऱ्हायनी का? मंग काही नजर-बिजर नही वं त्याले. एवढा ठसका लागी ऱ्हायना तं नजर कशानी?" आणि ताक न घेताच, लोटा उचलून, नाक पुसत ती गेली.

एवढा ठसका लागी ऱ्हायना. कुणाला? हवा तीच, खोली तीच. जमनाबाईने खापरीकडे पाहिलं. काळ्या पडलेल्या सात मिरच्यांतून निळसर बारीक धूर वर चढत होता, सरळ तिच्या तोंडावर, आणि तोंडावर ऊब लागत होती, फक्त ऊब. धूर. धूरच होता तो. मग तिने पाटाकडे पाहिलं.

भाग्येशचे डोळे घट्ट मिटलेले, पापण्यांतून पाणी गळतंय, गाल फुगलेले, चेहरा लाल होता होता जांभळा, आणि छाती हलत नाही. सदरा नाकावर दोन्ही मुठींनी दाबलेला. तो गप्प बसलेला नव्हता. तो श्वास धरून बसला होता. रोज. दिवाळीपासून रोज.

"भागू—"

त्याने डोळे उघडले नाहीत. सदऱ्याआडून, दातांतून, बोलायचं नसतं हे आठवून अगदी हळू म्हणाला, "व्हयनं का, मोठीमाय? श्वास लेऊ?"

खापरी तिने अंगणात फेकली की हातातून पडली ते तिला नंतर आठवेना. पोराला उचललं, पुढच्या ओसरीवर नेलं, बंद करायला सांगितलेली सगळी दारं उघडली, खिडक्या उघडल्या. पथारीकडून वारा येवो की कुठून येवो, वारा तरी येवो. तो खोकत होता, ओक्या काढत होता. पंप — हलवायचा, धरायचा, दाबायचा. घाईत पंप त्याच्या दातांवर आपटला. हळूहळू सूं सूं खाली आलं. तो तिच्या मांडीवर टेकला आणि तिच्या पदराची गाठ बोटांनी चाचपत पडून राहिला. आत काय आहे ते त्याने विचारलं नाही.

त्याला झोप लागल्यावर ती उठली. आधी स्वयंपाकघरात हिंगाची डबी. झाकण काढून नाकाला लावली. बोटाला खरखर लागली, बस. कापूर. लसूण ठेचून बघितला. मग उकिरड्यापलीकडच्या त्या पत्र्याच्या खोलीत जाऊन पोतं सोडलं आणि एकेक बाटली, जशी सुनेने हुंगली होती तशी, फिनाईल, ढेकणांचं औषध, हुंगत गेली, आणि प्रत्येक बाटलीत पाणी होतं. नुसतं पाणी. डांबरगोळ्या खडीसाखर. तिथेच जमिनीवर बसून तिला आठवायचं होतं की शेवटचा वास कशाचा आला होता. भजी तळताना... ते तर तेलाचा आवाज. पहिल्या पावसात मातीचा... तो कोणत्या सालचा? त्या तापाच्या वर्षी गेला का, जेव्हा सगळं गाव तोंडाला फडकी बांधून होतं? की मिसरीने खाल्ला? की ज्या दिवशी मुठीत मिरच्या चुरडून आपण आनंदाने घरभर नाचलो, त्याच दिवशी गेला होता आणि आपण इतकी वर्षं त्याचं कौतुक करून घेत हिंडलो? लोखंडाची बाई. लोखंड कुठे, नाक मेलेलं नुसतं. म्हणजे दृष्ट नव्हतीच. कुणाचाच डोळा नव्हता. शेजारणींची, जावांची, येता-जाता पोराचा गाल ओढणाऱ्या त्या मास्तरीणबाईची, मनातल्या मनात किती नावं घेतली मी निखाऱ्यांवर, आणि...

ती घरात आली. भाग्येश कुशीवर झोपला होता. तिने वाकून त्याच्या टाळूला नाक लावलं. हा वास तर येतो मला, हा कसा नाही येणार — खोबरेल, ऊन, थोडं दूध. पाच वर्षं रोज घेतेय. ती लावूनच राहिली. केस नाकाला गुदगुल्या करत होते. वास नव्हता. जो आठवत होता तो नवनीतचा होता, नवनीत अंगावर पीत होता तेव्हाचा. या पोराचा वास तिला कधी आलाच नव्हता. त्याच्या जागी तिने जुनाच ठेवून दिला होता आणि तिला कळलंसुद्धा नव्हतं.

चारुलता दिवेलागणीच्या जरा आधी आली. ओसरीवर पाय ठेवता ठेवता शिंकली, मग दुसऱ्यांदा. "आज बी वारा सुटेल शे वाटस पथारीकडना," ती म्हणाली, आणि उघड्या खिडक्या बघून एकेक लावत गेली. रोज ती यायची, शिंकायची, पथारीला दोष द्यायची. रोज. जमनाबाई रोज मान हलवायची.

हातपाय धुऊन ती पलंगावर बसली, भाग्येशला जवळ घेतलं, त्याच्या पाठीला कान लावला. बराच वेळ. मग कान न काढताच बोलली, जमनाबाईकडे न बघता.

"आई, नंदुरबारले खोली देखेल शे मी. शाळानाजोडे. सोमवारपाईन आम्ही तठेच ऱ्हासूत. यास्ले बी सांगेल शे."

म्हणजे नवनीतला ठाऊक होतं.

"डॉक्टर म्हनस घरमाच काहीतरी शे. मी सगळं काढं. काही काढाले उरनं नही. सापडतच नही आई, मी काय करू..." तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "मंग पोऱ्यालेच काढनं पडी."

जमनाबाई भिंतीला टेकून उभी होती. कमरेला गाठ होती. सांगावं... एका वाक्याचं काम होतं. सांगितलं तर घर दोषातून सुटेल. पथारी, वारा, फरशीवरचा तो डाग, सगळे सुटतील, आणि एकटी मी राहीन. पोर इथे राहील मग, पण माझ्यापाशी राहील? या लेकराच्या जवळ मला एकटीला कोण ठेवील, मीसुद्धा ठेवीन का? आणि नाही सांगितलं तर तो जाईल, भाड्याच्या खोलीत बरा होईल, सगळे म्हणतील गावची हवाच वाईट, आणि ही पोरगी जन्मभर वाऱ्याला घाबरून खिडक्या लावत बसेल. बरा होईलच का पण? खोकला तर दिवाळीतच आला होता, माझ्या मिरच्यांच्या आधी. तो कुणी आणला? त्या टाकीने, कॉइलने, त्या पथारीने? की त्यालाही आता मीच... काहीही केलं तरी पोर दुरावणारच होतं, दार कुठलंही उघडलं तरी त्याच मागच्या खोलीत उघडत होतं.

"भागू," चारुलता आता सरळ बसली होती, पोराची हनुवटी धरून, शाळेच्या मराठीत, हळू. "मी नसताना आज काही झालं का? जास्त दम लागला होता का? काही धूर झाला होता का इकडे?"

भाग्येशने आईकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून मोठीमायकडे. सांगायचं नसतं, बोललं की उतरलेलं परत चढतं. एकदाच सांगितलेलं त्याने जपून ठेवलं होतं. त्याने ओठ मिटले, गाल फुगवले, आणि छाती थांबली. आईच्या हातात हनुवटी, डोळे आजीवर, तो थांबला होता तिने सांगेपर्यंत.

जमनाबाईच्या ध्यानात आलं की आपलाही श्वास थांबलेला आहे. कधीपासून, कुणास ठाऊक. खोलीत कसलाही वास नव्हता. तिला वाटलं, दोघांपैकी एकाने तो आधी सोडला पाहिजे, आणि पाच वर्षांच्या पोराने तरी किती वेळ धरायचा. तिने कमरेची, देठाची गाठ सोडायला मुठीत घेतली. चारुलता अजून पोराकडेच बघत होती.